हेडरमधून काढलेली एक ओळ

एका फाईलीतल्या दोनेकशे ओळी साफ करायच्या होत्या, आणि मी घरी राहणार का पुण्याला जाणार हे त्या सफाईवर ठरणार होतं. मी पुण्याला गेलो तर दुपारी साडेबाराला माझ्या पोरीला सुई द्यायला घरात कुणी उरत नव्हतं. बाहेरच्याला हे सांगायला गेलं की तो आधी हसतो. ओळी कसल्या, सुई कसली, आणि दोन्हीचा संबंध काय? म्हणून पहिल्यापासून सांगतो.

पोरगी सहा वर्षांची असताना एकाएकी वाळायला लागली. सारखं पाणी पाणी करायची आणि वर्गात बाईंना विचारून विचारून लघवीला पळायची. आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे. उमरग्याच्या डॉक्टरांनी तिच्या बोटाचं रक्त तपासलं आणि स्वतःची खुर्ची आमच्याजवळ ओढून घेतली. ते म्हणाले, हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, गोळ्यांनी भागणार नाही, रोज चार सुया, आणि ह्या आता कायमच्या. प्रत्येक जेवणाआधी बोट टोचायचं, मशीनवरचा आकडा बघायचा, ती किती खाणार ते विचारायचं, मग डोस. जास्त गेला तर साखर उतरून पोरगी बेशुद्ध पडणार. घरी आल्यावर भावकीतल्या एकेकानं उपाय सांगितले. कुणी कारल्याचा रस, कुणी कसला तरी पाला. एका चुलत्यानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणाला बोलू नकोस, पुढं लग्नाला अडचण येतीय." सहा वर्षांच्या लेकराचं लग्न! मी त्यांना काय बोललो ते इथं लिहीत नाही.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची शाळा लांब, माकणीच्या पलीकडं. सुरुवातीला ती पोरीला स्कूटीवर बसवून सोबत न्यायची. एक दिवस परत येताना धरणाजवळच्या रस्त्यावर मागून पोरीचे हात सुटले. साखर उतरली होती. बायकोनं एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं गाडी कशीबशी थांबवली आणि कडेला बसून तिच्या हिरड्यांना ग्लुकोजची पावडर चोळली. घरी आली तेव्हा बायकोच्या साडीला सगळी माती होती आणि ती मला एवढंच म्हणाली, "अहो, आता हिला घरीच कुणीतरी पाहिजे." तेव्हापासून पोरगी गावातल्याच शाळेत, मधल्या सुट्टीत घरी, आणि घरी मी. बायकोचा बदलीचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून होता, अजून आहे. माझे वडील घरात आहेत, पण त्यांचे हात थरथरतात आणि सिरिंजवरची बारीक रेघ त्यांना चष्म्यातूनही दिसत नाही. एकदा ते म्हणाले, "म्या देतो की. बैलाला न्हाय का दिली सुई?" त्यांनी सुई हातात घेतली, नातीच्या दंडाकडं बघितलं आणि सुई तशीच ताटलीत ठेवली.

मी पुण्याच्या एका लहानशा कंपनीत सी भाषेत प्रोग्राम लिहितो. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत दूध थंड ठेवायच्या टाक्या असतात. त्या टाकीवर एक पेटी असते. ती दुधाचं तापमान बघते आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करते. त्या पेटीच्या आतला प्रोग्राम आमचा. पेट्यांची मॉडेलं निरनिराळी, पण सगळ्यांना लागणारी कामं एका लायब्ररीत एकत्र ठेवलेली. साथीच्या काळात सगळे घरून काम करायला लागले तसा मीही लागलो आणि गावीच राहिलो. मग एक दिवस कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. मी मॅडमना, म्हणजे माझ्या मॅनेजरना, फोन लावला. लाज सोडून सांगतो, फोनवर रडलो.

मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे बघ, मी वरती बोलते. पण नुसतं घरचं कारण सांगून कुणी ऐकणार नाही. तू घरून काहीतरी ठोस करून दाखव. त्या लायब्ररीच्या हेडर फाईलला कुणी हात लावायला तयार नाही. ती साफ कर. तीन आठवडे देते. नीट झालं तर तुझं घरूनच काम मी पक्कं करून घेते. नाही झालं तर मात्र तुला यावं लागेल."

हेडर फाईल म्हणजे लायब्ररीच्या दारावर लावलेली यादी. आत कोणकोणती फंक्शनं, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे, आहेत, कुठलं काय घेतं आणि काय परत देतं, ते एकेका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीला डिक्लरेशन म्हणतात. बाहेरचा प्रोग्राम ही यादी वाचूनच आतल्या फंक्शनांना हाक मारतो. आता ह्या यादीत बाहेरच्यांना लागतील तेवढीच नावं असावीत. आतल्या आत हाताशी धरलेली बारकी फंक्शनं, ज्यांना आम्ही हेल्पर म्हणतो, त्यांची नावं आतल्या वेगळ्या फाईलीत राहावीत. पण आमच्या हेडरची गत आमच्याकडच्या लग्नपत्रिकेसारखी झाली होती. पत्रिकेत नवरा-नवरी एका कोपऱ्यात आणि उरलेला सगळा कागद चुलते, मामा, व्यवस्थापक आणि किलबिल मंडळींनी भरलेला असतो ना, तसंच. ज्यानं त्यानं आपापली हेल्परं आणून डकवलेली. एकाच फंक्शनचं नाव तीन ठिकाणी. दोन तर कधीच गेलेली होती, त्यांचा कोड कुठंच नव्हता, पण पत्रिकेत नाव होतं. आणि काढायची कुणाची छाती नाही, कारण कोण कुठं रुसून बसेल ते माहीत नाही.

मी रोज सकाळी बसायचो. एकेक नाव घ्यायचं, सगळ्या कोडमध्ये शोधायचं, कोण वापरतंय ते वहीत लिहायचं, मग ती ओळ ठेवायची, आतल्या फाईलीत हलवायची किंवा उडवायची. पहिल्या आठवड्यात चाळीस नावं झाली. च्यायला, ह्या वेगानं पुरतं का तीन आठवड्यांत! त्यात लाईटचा खेळखंडोबा. लाईट गेली की नेट जायचं, आणि मग मोबाईल घेऊन मी गच्चीवर टाकीच्या बाजूला उभा. शेजारचे खालून विचारायचे, "काय, सुट्टीवर हाय का?" मी म्हणायचो, काम चाललंय. "वर गच्चीवर?" आणि हसायचे. आमच्याकडं घरी दिसणारा पुरुष म्हणजे रिकामा पुरुष. ते हसणं मला एरवी लागलं नसतं, पण त्या दिवसांत सगळंच लागायचं.

ऑफिसच्या ग्रुपवर मी विचारायचो, हे फंक्शन कुणाचं आहे, काढू का? कुणी उत्तर द्यायचं नाही. उत्तर द्यायचे ते फक्त अण्णा. अण्णा सोलापूरचे, पन्नाशी ओलांडलेले, कंपनीतले सगळ्यात जुने. पेटीच्या पहिल्या मॉडेलचा सगळा कोड ते एकटे सांभाळायचे. सगळं ऑफिस त्यांना अण्णाच म्हणायचं. मी फोन केला की ते आधी विचारायचे, "आज किती निघाली?" म्हणजे पोरीची साखर. मी आकडा सांगायचो. चांगला असला की "झकास" म्हणायचे, वाईट असला की आधी काय खाल्लं होतं ते विचारायचे. मग म्हणायचे, "हं, विचार आता तुझं." ऑफिसात एवढी माणसं, पण पोरीला काय झालंय ते नीट समजून घेतलेला हा एकच माणूस होता.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. "बाळा, माझ्या जुन्या मॉडेलकडं जरा बघून. त्यात म्या कुठनं काय उचललंय ते आता मलाच आठवंना. तवा हेडरमधी सगळंच हुतं, हात घालायचा आन घ्यायचं." मी म्हणालो, बघतो अण्णा.

आता माझं शिक्षण सांगायला पाहिजे, कारण चूक तिथून आली. मी धाराशिवला डिप्लोमा केला. सी शिकलो ते लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या, निळ्या पडद्याच्या जुनाट कंपायलरवर. जगानं तो कधीचा सोडला होता, आमच्या लॅबनं सोडला नव्हता. आमचे सर जीव तोडून शिकवायचे, पण चालू मशीन नऊ आणि पोरं त्याच्या चौपट. प्रॅक्टिकलला पडद्यावर उत्तर दिसलं की जर्नलवर सही. प्रोग्राम अडला तर ती एरर, ती काढल्याशिवाय सुटका नाही. पण प्रोग्राम चालला आणि वर दोन-चार इशारे आले, तर त्या वॉर्निंग. सर म्हणायचे, "एररला भ्या. वॉर्निंगकडं बघत बसाल तर तुमच्या मागची पोरं कधी बसणार?" त्यांचंही खरं होतं. मागं रांग उभी असायची. आम्ही पोरं वॉर्निंग दिसली की एकमेकांना म्हणायचो, "चालतंय की!" आणि सही घ्यायला पळायचो. ती सवय अंगात मुरली. पुण्यात आलो तर तिथल्या कोडमध्ये आधीच शेकड्यानं वॉर्निंग पडलेल्या, त्यामुळं कुणी मला टोकलंही नाही.

तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस. सकाळी मी उरलेली सगळी नावं एका झटक्यात हलवली आणि सगळ्या मॉडेलांचा बिल्ड लावला, म्हणजे सगळा कोड नव्यानं कंपायलरमधून काढला. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. वॉर्निंग, वॉर्निंग, वॉर्निंग, नेहमीचं. मी फक्त एरर येते का ते बघत होतो. त्या पळणाऱ्या ओळींत एक ओळ मला दिसली. दिसली, हे मी कबूल करतो. अण्णांच्या फाईलीचं नाव होतं, आणि कंपायलर सांगत होता की ह्या फंक्शनची ओळख कुठं दिलेली नाही, मी माझ्या मनानं धरून चालतोय. तेवढ्यात दारात पोरगी आली. साडेबारा झाले होते. "पप्पा, हात थरथरतेत," म्हणाली. मी खुर्ची लोटून उठलो. साखर साठ. आधी ग्लुकोज दिलं, मांडीवर घेऊन बसलो, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, मग जेवण, मग सुई. परत खुर्चीत आलो तेव्हा बिल्ड झाला होता. एकही एरर नाही.

पोरीचं निमित्त मी पुढं करणार नाही. परत आल्यावर मला वर जाऊन ती ओळ वाचता आली असती. दोन मिनिटांचं काम. पण एरर शून्य बघितलं आणि मला रडूच फुटलं. मी मनात म्हणालो, चालतंय. आणि काम पाठवून दिलं.

मॅडमचा फोन दोन दिवसांनी आला. हेडर आता ओळखू येत नाही म्हणाल्या. दोनेकशे ओळींच्या तीसेक उरल्या होत्या. वरून मंजुरी आली होती, मी घरूनच काम करायचं होतं. बायको शाळेतून आली तेव्हा मी अंगणातच सांगितलं. ती तिथंच पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. वडिलांनी गावातून जिलेबी आणली, मग कुणी खायची ह्यावरून घरात गंमत झाली, कारण पोरीसमोर खायला कुणाचा हात होईना. शेवटी तीच म्हणाली, "खावा की, मला जेवताना अर्धी द्या, पप्पा सुईत धरतेत." बरेच महिने झाले होते आम्ही सगळे एकदम हसून.

दहा-बारा दिवस तसे गेले. मग अण्णांच्या जुन्या मॉडेलच्या पेट्यांवर नवा प्रोग्राम चढला. एका गावातल्या केंद्रावर संध्याकाळचं दूध टाकीत पडलं. पेटीवर चार अंश दिसत होते, म्हणजे अगदी पाहिजे तेवढे. म्हणून कॉम्प्रेसर लागलाच नाही. सकाळी झाकण उघडलं तर टाकीभर दूध नासलेलं, आणि पेटीवर तेव्हाही चारच. सगळं ओढ्यात सोडून द्यावं लागलं. तिथल्या माणसानं फोनवरून एक फोटो पाठवला होता. दूध घालायला आलेल्या बाया रिकाम्या बादल्या घेऊन टाकीभोवती उभ्या आहेत आणि पेटीवरचा चार लख्ख दिसतोय.

मी तो फोटो बघितला. काय झालं असणार ते मला लगेच कळलं होतं. तरी बिल्ड परत लावला आणि आता एकेक ओळ वाचली. ती ओळ तिथं होतीच. सेन्सरचा कच्चा आकडा घेऊन अंशात तापमान परत देणारं एक हेल्पर होतं. ते दशांशात उत्तर देतं. मी त्याचं नाव हेडरमधून आतल्या फाईलीत हलवलं होतं, आणि अण्णांचा प्रोग्राम त्याला बाहेरून हाक मारत होता. यादीत नाव दिसेना तसं कंपायलरनं धरून चाललं की हे पूर्णांकच देणार. फंक्शन आपलं उत्तर एका जागी ठेवायचं, प्रोग्राम दुसऱ्याच जागी बघायचा, आणि तिथं आधीच्या कुठल्या तरी कामाचा चार पडलेला असायचा. चार हा आकडा इतका बरोबर दिसत होता की तपासणीतही कुणाला शंका आली नाही. देवानं तरी दुसरा कुठला आकडा टाकायचा होता तिथं!

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमनी फोनवर सगळ्यांना एकत्र घेतलं. आवाजावरून कळत होतं की त्यांना वरून बरंच ऐकावं लागलंय. त्यांनी विचारलं, "ही फाईल कुणाची?" अण्णा म्हणाले, "माझी हाय मॅडम." मॅडम म्हणाल्या, "अण्णा, ह्या फाईलीत हे फंक्शन वापरलंय आणि त्याची ओळख कुठंच घेतलेली नाही. असं कसं?" अण्णा म्हणाले, "जुना कोड हाय मॅडम. माझ्याच हातनं राहिलं असंल." मग मॅडमनी माझं नाव घेतलं. "तू हेडर साफ केलंस तेव्हा सगळी मॉडेलं बिल्ड केली होतीस ना? ह्या फाईलीला तेव्हा काही आलं होतं का?"

पुढच्या खोलीतून पोरीचा आवाज येत होता. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, ती आजोबांना पाढे म्हणून दाखवत होती. मी तो ऐकला आणि म्हणालो, "नाही मॅडम."

एवढंच. कुणी पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी जीभ अडखळली असती आणि सगळं बाहेर आलं असतं, असं मी नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण कुणी विचारलं नाही, कारण अण्णांनी आधीच आपल्या अंगावर घेतलं होतं.

आठवड्याभरात अण्णांचं मॉडेल त्यांच्याकडून काढून घेतलं. महिना संपताना त्यांना सांगण्यात आलं की आता तुमच्याजोगं काम उरलेलं नाही. मी बायकोला सगळं सांगितलं, अगदी ती ओळ दिसली होती इथपासून. ती भाजी निवडत होती. मी विचारलं, "मॅडमना खरं सांगू का?" ती खाली बघूनच म्हणाली, "मला विचारू नका. मला विचारलं तर मी नकोच म्हणणार, आणि मग ते आयुष्यभर माझ्या डोक्यावर राहणार." मला तिचा राग आला. एवढा राग आला की मी ताडकन उठून बाहेर गेलो. नंतर कळलं की मला तिच्याकडून फक्त 'नको' ऐकायचं होतं, म्हणजे मी सुटलो असतो.

अण्णांना फोन करायचं मी बंद केलं. काय तोंडानं करणार? तेच अधूनमधून मेसेज करायचे, "आज किती?" मी फक्त आकडा पाठवायचो.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. तुळजापूरला दर्शन करून ते आणि त्यांच्या बायको उमरग्याला मेव्हण्याकडं निघाले होते. "वाट वाकडी करून येतो. धा मिनिटं टेकतो, पोरीला बघून जातो." नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आले. अण्णा फोनवर वाटायचे त्यापेक्षा बरेच थकलेले दिसले. वडिलांनी त्यांना कॉटवर बसवलं, मी चहा ठेवला आणि चहात साखर घालायची विसरलो. साडेबाराला पोरगी शाळेतून आली, पाहुण्यांना बघून जरा लाजली, मग नेहमीसारखं मशीन काढून स्वतःच बोट टोचलं आणि आकडा त्यांच्यासमोर धरला. "एकशे दहा," ती म्हणाली. "चांगली हाय ही." अण्णा म्हणाले, "झकास गं माय." मी दंडात सुई दिली. अण्णांच्या बायकोनं मान वळवली. अण्णांनी नाही वळवली.

निघताना त्यांच्या बायकोला पोरगी आपली चित्रांची वही दाखवत बसली. मी आणि अण्णा गाडीपाशी येऊन उभे राहिलो. मी बळ गोळा करत होतो. माफी कशी मागायची, पहिला शब्द कुठला, एवढंच डोक्यात चाललं होतं. तर तेच म्हणाले, "त्या दिवशीच्या बिल्डचा लॉग, पडद्यावर पळालेली ओळन् ओळ, माझ्याकडं मेलमधी आला हुता. सगळ्या मॉडेलांचा बिल्ड लागला की मला येतोय."

मी येड्यासारखं विचारलं, "कुठल्या दिवशीच्या?"

"तू काम पाठवलंस त्या दिवशीच्या. म्या तवा उघडला न्हाय, ती माझी चूक. दूध नासलं तवा उघडला. माझ्या फाईलीची वॉर्निंग हुती त्यात."

मी म्हणालो, "मग तुम्ही मॅडमना का नाही सांगितलं?"

"तू सांगशील म्हणलं," ते म्हणाले. "तुला विचारलं तवा म्या फोनला कान लावून बसलो हुतो. तू व्हय म्हणला असतास तर म्या बोलणार हुतो, की चूक दोघांची हाय, फाईल माझी आन ओळ ह्याची. आन ह्याला पुण्याला बोलवू नका, ह्याच्या पोरीचं असं असं हाय. कागदावर लिहून ठिवलं हुतं बघ, मला बोलताना आठवत न्हाय म्हणून." ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"अण्णा," मी म्हणालो, "मी आजच मॅडमना फोन करतो."

त्यांनी घराकडं बघितलं. त्यांच्या बायको बाहेर येत होत्या आणि पोरगी त्यांचं बोट धरून पायरी उतरत होती.

"कर की," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

त्याला आता चार महिने होतील. मी फोन केलेला नाही.